नावेचं दावं

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मोताळ्याच्या बाजारात दोरांच्या दुकानापुढे जी गर्दी असते, तिच्यात मी उभी होते आणि मला उभ्याउभ्याच पेंग येत होती. दुकानाच्या पुढच्या वाशाला नव्या वेसणी, कासरे, रंगीत गोंडे आणि घागरमाळा टांगलेल्या होत्या. वाऱ्याने एखादी घागरमाळ हलली की मी दचकून जागी व्हायची. माझा नंबर लागला तेव्हा दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "किती बैलं हायेत, मॅडम?"

"बैल नाही चाचा, नाव हाय," मी म्हटलं. "धरनावर बांधाची हाय. चार दोर पाह्यजेत."

मागचे दोघे-तिघे शेतकरी हसले. एकजण म्हणाला, "यंदा नावेचा पोया करता काय?" मीही हसले असते, पण हसायलासुद्धा अंगात थोडी झोप असावी लागते. माझ्या अंगात ती सहा महिन्यांपासून नव्हती.

नावेचं सांगायचं तर आधी नवऱ्याचं सांगावं लागेल. घाटाखालच्या कोरडवाहू गावातला हा माणूस तीसेक वर्षं जहाजावर खलाशी होता. तरुणपणी कुठलीशी भरतीची जाहिरात वाचून गेला, तेव्हा त्याला विहिरीतही धड पोहता येत नव्हतं. मी इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवत राहिले. आमचा संसार म्हणजे सुट्ट्यांचा संसार. एकमेकांचा कंटाळा यायला लागेपर्यंत सुट्टी संपायची, त्यामुळे भांडणं अशी कधी झालीच नाहीत. हे निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा मला खरं तर थोडी भीतीच वाटली होती.

चार महिन्यांत हे घरात कोंडल्यासारखे झाले. मग बैलगाड्या करणाऱ्या मिस्त्रींना हाताशी धरून आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली यांनी नऊ हात लांबीची शिडाची नाव बांधायला घेतली. बाभळीच्या फासळ्या, सागाच्या फळ्या. मिस्त्री रोज सकाळी आले की गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "साहेब, हिले चाकं कुठं लावाची?" शीड मंडपवाल्याच्या मशीनवर शिवून आणलं. धरणात मासे धरणाऱ्यांच्या सोसायटीला विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. पाण्याच्या कडेला दोन बाजूंना खांब ठोकून यांनी वर फळ्या मारल्या आणि त्याला धक्का म्हणायला लागले. गावातले लोक त्याला फळीच म्हणत. चार वर्षं हे सकाळी चहा घेऊन निघायचे आणि जेवायच्या वेळी उन्हाने रापून परत यायचे. मला तीनदा नेलं. तिन्ही वेळा मी दोन्ही हातांनी काठ गच्च धरून बसले आणि घरी आल्यावर म्हणाले, छान वाटलं.

मागच्या हिवाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्यांच्याबरोबर शब्दही गेले. सगळेच नाही, पाच-सात उरले. पाणी, नाही, लांब, झोप, चहा, असे. माझं नाव त्या उरलेल्यांत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, मेंदूचं तसंच असतं. मी मान हलवली, पण लावून घ्यायचं ते घेतलंच.

दवाखान्यातून घरी आल्यावर महिनाभरातच हे एका पहाटे एकटे उठले आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी पडले. डोक्याला खोक पडली. त्या दिवशी मी माझ्या एका जुन्या सुती साडीची पट्टी फाडली, तिचं एक टोक रोज झोपताना यांच्या डाव्या मनगटाला बांधायचं आणि दुसरं माझ्या उजव्या. मधे दीड हाताचं अंतर. हे उठायला लागले की मी जागी होणार, अशी योजना. पण हे नुसते कुशीवर वळले, खोकले, डोकं खाजवलं तरी मी जागी व्हायची. सहा महिने मी तुकड्यातुकड्याने झोपत होते. भाजीत दोनदा मीठ पडत होतं, गॅस चालू राहत होता. एकदा तर बँकेच्या बाकावर बसल्याबसल्या घोरले आणि शिपायाने उठवलं.

फिजिओथेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या म्हणाल्या, यांना कशाची तरी ओढ पाहिजे, नुसतं बोटं उघडा-मिटा म्हटलं तर हे ऐकत नाहीत. खरंच ऐकत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पण जुलै संपता संपता धरणाचं पाणी फळीच्या खांबांना लागल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं, आणि हे उठून बसले. खिडकीतून कडुनिंबाखालच्या नावेकडे बोट दाखवायला लागले. हिवाळ्यापासून तिथेच पडलेली नाव कित्येक पावसाळे पाहिल्यासारखी दिसत होती. कोरडी पडल्याने फळ्यांच्या सांध्यांत फटी दिसू लागल्या होत्या. पाण्यात राहिली तर लाकूड फुगून सांधे धरणार, नाही राहिली तर पुढच्या वर्षी तिचं सरपण होणार. नाव पाण्यात ठेवू, असं मी म्हटल्याच्या दिवसापासून हे व्यायाम करायला लागले. दोराचा तुकडा हातात दिला की उजवा पंजा उघडायचा प्रयत्न करत. घाम यायचा, पण करत.

तेव्हा मी मनाशी हिशेब मांडून ठेवला होता. आधी हे उठतात, की आधी नाव जाते, की आधी मी आडवी होते, एवढाच प्रश्न होता. पहिलं झालं तर बाकीचं निभेल. नाव गेली तर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि मग माझंही काही खरं नाही.

नावेचे जुने दोर उंदरांनी कुरतडले होते, आणि जो एक शाबूत होता त्यावर मी हिवाळ्यापासून यांचेच कपडे वाळत घालत होते. म्हणून नवे घ्यायचे ठरले. यांनी डाव्या हाताचा अंगठा दाखवला, एवढा जाड. मग मी शाळेतून आणलेल्या पाटीवर यांनी डाव्याच हाताने चित्र काढलं. मधे नाव, बाजूला फळी, आणि चार रेघा. एक नाकाकडून, एक शेपटीकडून, आणि दोन तिरक्या, एकमेकींना छेद देऊन जाणाऱ्या. पुढे सरकू नये म्हणून एक, मागे जाऊ नये म्हणून एक, हे माझ्या लक्षात आलं. पण रेघा कशाही लांब गेल्या होत्या. तिरक्या तर नावेपेक्षाही लांब, पाटीच्या लाकडी चौकटीला जाऊन भिडलेल्या. मी सदतीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासल्या आहेत. मी मनात म्हटलं, डावा हात आहे, वळण नाही, रेघ आवरत नाही.

तर चाचांच्या दुकानात. चाचांनी आधी पिवळा प्लास्टिकचा दोर दाखवला आणि स्वतःच बाजूला टाकला, उन्हाने वर्षभरात त्याचा चुरा होतो म्हणाले. मग पांढरा, तीन पदरी पिळाचा नायलॉनचा काढला. "पान्यात राहाचं हाय तं हा घ्या, मॅडम. झटका बसला की हा ताणते, न् पुन्हा जाग्यावर येते. धरनावरचे सारे हाच नेतात."

पण माझी नजर कोपऱ्यातल्या अंबाडीच्या दोरांवर गेली होती. हल्ली कुणी करत नाही. चाचांच्या घरात अजून एक म्हातारी वाक, म्हणजे अंबाडीचे तंतू, वळते, म्हणून पोळ्यापुरते चार-सहा असतात. हातात घेतला तर मऊ, जड, आणि तोच वास. माझ्या वडिलांनी जन्मभर गोठ्यात नायलॉन येऊ दिला नाही. एका कालवडीची मान नायलॉनने सोलली होती, तिच्या जखमेत हळद भरताना मी लहानपणी पाहिलं होतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. आमच्या तांबड्या बैलाला एकदा सालदाराने लांब दाव्याने बांधलं. चरता येईल म्हणून, चांगल्या मनाने. बैलाच्या मागच्या पायात दावं गुंतलं, तो नालीत पडला आणि पाय मोडला. वडील दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर आमच्या घरी दावं किती असावं हे ठरून गेलं. जनावराला बसता यावं, उठता यावं, एवढंच. त्यापेक्षा एक वीतही जास्त द्यायचं म्हणजे त्याचा घात करायचा. मी दहा वर्षांची असताना खुंट्यापाशी उभी राहून दावं मोजून द्यायची.

"अंबाडीचा द्या," मी चाचांना म्हटलं.

"अंबाडी भिजली की आवयते, मॅडम. आखूड होते. वाळली की ढिली पडते. बैलाचं अलग, पान्याचं अलग."

"चाचा, मी शेतकऱ्याची पोर हाय. मले दोर नका शिकवू."

चाचांनी हात जोडल्यासारखे केले आणि मोजायला घेतला. माझं हे असं आहे. झोप झाली नसली की मला सगळं जास्तच कळतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री, धरणावर मासे धरणारी एक बाई आणि तिचा नवरा, असे मिळून नाव ट्रॉलीत घालून पाण्यावर नेली. त्या बाईची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली, म्हणून ती मला मॅडम म्हणते आणि माझ्यावर दादागिरीही करते. नाव पाण्यात उतरवली, आणि बांधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. गाठ मला येत होती. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत यांनी मोठ्या ऐटीत मला एक खलाशी गाठ दाखवली होती, कितीही ताण बसला तरी न आवळणारा फास. मी म्हटलं होतं, ही तर आमच्या वासरांच्या गळ्यात असते. यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तीच गाठ मी चारही ठिकाणी मारली. दोर खांबाच्या बुडाशी बांधले आणि नाव फळीला अगदी लगटून उभी केली. हलायला वाव नाही, आपटायला वाव नाही.

"मॅडम, जराशी ढील ठेवा," मासेवाली बाई म्हणाली.

"ढील ठेवली की गुंतते," मी म्हटलं.

"कोन गुंतते? तिले काय पाय हायेत?"

मी ऐकलं नाही. आभाळ कोरडं होतं, घरी हे एकटे होते, आणि मला लवकर परतायचं होतं. घरी आल्यावर यांनी पाटी पुढे केली आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "हाव, अगदी असंच." चारही दोरांचे उरलेले तुकडे पिशवीतच होते, चांगले मोठाले. ते मी माळ्यावर टाकून दिले.

आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत, घाटावर आणि घाटाखाली. आम्ही खालच्या मजल्यावरचे. घाटावर पाऊस झाला की आमच्याकडे टिपूस न पडता धरण चढतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात खुंटा होता, आणि खुंटा ज्या जमिनीत रोवतात ती जमीन कधी वर येत नाही. दोन दिवस घाटावर धो धो लागला. आमच्या अंगणात ऊन होतं, मी गादी वाळत घातली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी यांना चहा पाजत असताना फोन वाजला. मासेवाली बाई ओरडूनच बोलत होती. "मॅडम, नाव गेली!"

आता जे सांगते ते मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. नाव गेली हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, सुटले. वाईट नंतर वाटलं. आधी अंग एकदम हलकं झालं, आता कुठे झोपता येईल असं वाटलं. म्हणजे झोपेचा आणि नावेचा तसा काही संबंध नव्हता, तरी वाटलं. मग ती पुढे म्हणाली, "म्या दोर कापले तिचे, नाही तं बुडूनच जात होती. पल्याड बेशरमीत अटकली हाय. लवकर या." ते ऐकून मला जी निराशा झाली, तिची मला अजून लाज वाटते.

मिस्त्रींच्या बायकोला यांच्यापाशी बसवून मी गेले. धरणाने फळी गिळायला एक वीत बाकी होती. झालं होतं ते असं. पाणी दीड-दोन हात चढलं, दोर खांबांच्या बुडाशी आखूड बांधलेले. त्यात अंबाडी भिजून आणखी आवळलेली. नाव पाण्याबरोबर वर येऊ पाहत होती आणि माझे दोर तिला खाली धरून होते. ती एका अंगाने झुकत गेली, काठ पाण्याखाली गेला आणि आत पाणी शिरायला लागलं. मासेवाली बाई जाळी काढायला आली तेव्हा नाव तीन चतुर्थांश भरली होती. गाठी माझ्या पक्क्या होत्या, पण सगळ्या पाण्याखाली; हात पोचेना आणि ताणात त्या सुटेनात. तिने विळ्याने चारही दोर कापले. अर्धी बुडालेली नाव वाऱ्याने हळूहळू पलीकडच्या काठाला गेली आणि बेशरमीच्या झुडपांत अडकली.

"काऊन एवढी आखूड बांधली व्हती?" तिने कमरेवर हात ठेवून मला विचारलं. "म्या म्हटलं व्हतं का नाही?"

मी म्हटलं, "म्हटलं होतं."

तिने आणि तिच्या नवऱ्याने नाव ओढून आणली, आम्ही तिघांनी डब्यांनी पाणी उपसलं. एक फळी चिरली होती, बाकी सगळं शाबूत. दुपारपर्यंत माझे हात उठेनात. तिने तिच्याच जाळ्याच्या दोराने नाव सैल बांधून ठेवली आणि मला भाकर-ठेचा दिला. मी फळीवर बसून खाल्ला. खाताना रडू आलं. ती पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवून जाळी निवडत राहिली.

घरी यांना काय सांगायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. काही सांगायचं नाही. आत जाऊन म्हटलं, पाणी चढलंय, नाव बघायला गेले होते, चांगली आहे. हे माझ्या ओल्या, चिखलाच्या निऱ्यांकडे बघत राहिले. मी पिशवी खाटेवर टेकवून मोरीत पाय धुवायला गेले. परत आले तर यांच्या डाव्या हातात कापलेल्या दोराचा तुकडा होता. बाईने तो माझ्या पिशवीत टाकला होता, मला दाखवायला की शिकवायला, कोण जाणे. एका टोकाला माझी गाठ, दुसऱ्या टोकाला विळ्याचा सरळ काप. मधे जेमतेम सव्वा हात. यांनी तो छातीवर ठेवून विताने मोजला. एक, दोन, अडीच. आणि मग हे हसायला लागले.

झटक्यानंतर पहिल्यांदा हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी, पण हसत होते. माझा पारा असा चढला की काय सांगू.

"हसा!" मी ओरडले. "बुडलीच असती ती! मले कळलं तव्हा मले बरं वाटलं, माहीत हाय? मले वाटलं, गेली एकदाची पीडा! मी थकली आता. मले झोप पाह्यजे. मले नाव नको न् दोर नको, मले फक्त झोप पाह्यजे!"

शेजारच्या घरात टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. हे हसायचे थांबले. मग हाताने खाटेवर थापटलं, बस म्हणून. मी बसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कणीक मळत राहिले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आम्ही दोघं ऑटोने मोताळ्याला गेलो. मी एकटीच जाणार होते, हे ऐकेनात. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, ते ऑटो येईपर्यंत. चाचा दुकानातून उठून ऑटोपाशी आले, नायलॉनचं वेटोळं यांच्या मांडीवर ठेवलं. यांनी डाव्या हाताने पीळ उलगडून पाहिला, अंगठ्याशी जाडी लावली, टोक दातांत धरून ताणलं. मग मान हलवली. किती, असं चाचांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "लांब." चाचा माझ्याकडे वळले, मी खाली बघत म्हटलं, "त्यायले विचारा, मले नाही." चाचांनी दोन्ही हात पसरून वाव मोजायला सुरुवात केली आणि हे मान हलवत राहिले, अजून, अजून. तिरके दोर नावेच्या दीडपट झाले तेव्हा कुठे थांबले. पाटीवर जसे होते, अगदी तसे.

निघताना यांनी वाशाकडे बोट दाखवलं. बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी, मोठी, जाड आवाजाची. मला वाटलं नावेला लावायची असेल, जहाजावर असते म्हणतात. मी घेतली.

चिरलेली फळी मिस्त्रींनी बदलली होती. पोळ्याच्या सकाळी यांना फळीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मी त्यांच्या नजरेखाली नाव बांधली. दोर खांबांच्या डोक्याशी, आणि इतके सैल की मधला भाग पाण्याला टेकत होता. जिथे दोर काठावर घासतो तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. बघूनच मला कसंतरी होत होतं, माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर दोरच काढून घेतले असते. वारा आला तशी नाव फळीपासून दूर गेली. मी उठलेच. दोर ताणला, थोडा लांबला, आणि नाव आपणहून सावकाश परत आली. यांनी मान दुसरीकडे वळवली, हे त्यांचे उपकार.

मग मासेवाली बाई, तिचा नवरा, मिस्त्री आणि मी, चौघांनी धरून यांना नावेत बसवलं. शीड नाही, वल्हं नाही, नाव बांधलेलीच. हे तिथे अर्धा तास बसून होते. उजवा हात काठावर ठेवला होता आणि बोटं उघडी होती. गावातून बैलांच्या मिरवणुकीतली वाजंत्री ऐकू येत होती. मी फळीवर बसून डुलक्या घेत होते.

घरी आल्यावर यांनी नायलॉनचा उरलेला तुकडा मागितला. तासभर एका हाताने आणि दातांनी खटपट चालली होती, मला जवळ येऊ देईनात. शेवटी पाहिलं तर ती घंटी खिडकीच्या गजाला टांगलेली, आणि तिची दोरी खाटेवर, डाव्या हाताशी. यांनी एकदा ओढून दाखवलं. घरभर आवाज झाला. मग यांनी माझ्या खुंटीवरची साडीची पट्टी आणायला लावली, तिची घडी केली आणि आपल्या उशीखाली घातली. पलीकडच्या खोलीतल्या दिवाणाकडे बोट दाखवलं.

"पडाल," मी म्हटलं.

"नाही," हे म्हणाले, आणि पुन्हा घंटी वाजवली.

मी बरीच कुरकुर केली. घंटीपर्यंत हात पोचतो का ते चार वेळा तपासलं. मग जाऊन दिवाणावर पडले. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं आणि दूधवाला दारात पिशवी ठेवून गेला होता. ज्या कुशीवर झोपले होते त्याच कुशीवर उठले. घंटी एकदाही वाजली नव्हती. मी अनवाणीच पळाले.

हे जागे होते. उताणे, अगदी न हलता पडलेले. चादर ओली होती, गादी ओली होती, पायजमा ओला होता, आणि कधीपासून तसं होतं कोण जाणे, अंग गार पडलं होतं. घंटीची दोरी डाव्या मुठीत होती.

"वाजवली काऊन नाही?" मी ओरडले. "हातात तं हाय दोरी! काऊन नाही वाजवली?"

यांनी दोरी सोडली, तोच हात उचलून माझ्या खोलीकडे दाखवला, आणि त्यांच्यापाशी जे पाच-सात शब्द उरले होते त्यांतला एक शोधून काढला.

"झोप," हे म्हणाले.

मी त्यांचे कपडे बदलले, गादी अंगणात ओढत नेली आणि उन्हात घातली.